शिष्यवृत्ती आणि पूर

(राजुरा येथील विद्यार्थी-पालक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)





महाविद्यालयाच्या निधीतून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती कशी द्यावी आणि संकटाच्या वेळी साहाय्य कसे पोहोचवावे, यावर मी चार शब्द बोलावेत अशी आपली इच्छा आहे. या विषयावर भाषण करणे अवघड नाही. विद्येचे माहात्म्य सांगावे, बाबासाहेबांच्या कष्टांचे स्मरण करावे आणि टाळ्या घेऊन खाली बसावे. परंतु मी आज येथे एका चुकीचा हिशेब देण्यासाठी उभा आहे. ती चूक ज्या साहाय्य समितीच्या हातून झाली, तिचा मी एक सभासद होतो. म्हणून हिशेब देण्याचे काम माझ्याकडे येते.

२०२२ च्या जुलैमध्ये वर्धा नदीला आलेला पूर आपण विसरला नसाल. राजुरा-बल्लारपूर रस्ता पाण्याखाली गेला आणि नदीकाठच्या शेतांतून कपाशी व सोयाबीन कुजून गेले. काठावरच्या एका गावातील एक मुलगी त्याच वर्षी बारावी उत्तीर्ण झाली होती आणि विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षात तिने नाव घातले होते. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. पाणी घरात शिरले तेव्हा आईबापांनी म्हातारीला आणि गुरांना बाहेर काढले. धान्य भिजले. पत्र्याची पेटी राहिली ती राहिलीच. आणि तिच्यात मुलीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, बापाच्या उत्पन्नाचा दाखला, सर्व काही होते.

तिने आमच्या समितीकडे अर्ज केला. पुस्तके आणि दोन महिन्यांचे खोलीभाडे मिळून तीन हजार रुपये हवे होते. पैसा आमच्यापाशी होता. बँकेत पडून होता. परंतु नियम असा की अर्ज सभेपुढे यावा, सभेस गणसंख्या असावी आणि अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला जोडलेला असावा. दाखला पेटीत होता आणि पेटी पाण्यात गेली होती. पहिली सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली. दुसऱ्या सभेत "दाखल्याची पूर्तता करून अर्ज पुन्हा सादर करावा" असा शेरा पडला. त्या शेऱ्याखाली इतरांबरोबर माझीही सही आहे. धनादेश निघाला तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. मुलगी तोवर आईबरोबर निंदणाच्या मजुरीला लागली होती. ती महाविद्यालयात परत आली नाही.

पैसा होता, इच्छाही होती, नियमही कोणी दुष्ट हेतूने केलेले नव्हते. चुकला तो दिवस. साहाय्याची रक्कम किती, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. ती कोणत्या दिवशी हातात पडली, हे फारसे कोणी विचारीत नाही. मला आज सांगावयाचे आहे ते एवढेच.

शिष्यवृत्ती आणि आपत्ती यांची गाठ कशी पडते, हे पाहण्यास फार दूर जावयास नको. बाबासाहेबांच्या चरित्रातच ती पडलेली आहे. केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि सयाजीराव गायकवाड महाराजांकडून त्यांना बी.ए.च्या अभ्यासासाठी दरमहा २५ रुपये मिळू लागले. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी बडोद्याने तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तेथून १९१६ साली ते लंडनला गेले. १९१७ साली मुदत संपली, शिष्यवृत्ती थांबली, आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. ते स्वतः एका जहाजाने सुखरूप आले. त्यांचे सामान आणि कष्टाने जमविलेली पुस्तके दुसऱ्या जहाजावर होती. जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडविले.

एका विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती बंद होते आणि त्याच सुमारास त्याचे ग्रंथ पाण्यात जातात! आपल्या काठच्या मुलीची पेटी आणि बाबासाहेबांची ग्रंथसंपदा यांची तुलना मी करीत नाही. पण पुढे काय झाले ते पाहा. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून ६०० रुपये त्यांच्या हाती आले, आणि बडोद्यास नोकरीवर रुजू होण्याच्या प्रवासाची सोय त्या पैशातून झाली. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिलेली होती. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पै पै शिल्लक टाकली. शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, आणि १९२० साली ते लंडनला परत गेले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. ही पदवी त्यांनी मिळविली. तीन वर्षे मध्ये वाया गेली, तरी दार उघडे राहिले. भरपाई मिळाली, मुभा मिळाली, मित्र मिळाला. आमच्या मुलीला यांतले काहीच वेळेवर मिळाले नाही. आणि प्रत्येक मुलामुलीने बाबासाहेबांइतकी जिद्द दाखवावी अशी अपेक्षा धरून जर आपण निधी चालविणार असू, तर मग निधीची गरजच काय?

या अनुभवाचे सार्वजनिक फळ पुढे निघाले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी १९४२ साली सरकारपुढे अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन ठेवले. उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मिळावा ही त्यातील एक प्रमुख मागणी होती. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली मुले महाडीबीटीच्या संकेतस्थळावर जो अर्ज भरतात, तो याच योजनेचा. म्हणून मुलांनी तो अर्ज भरताना मान खाली घालण्याचे कारण नाही. ती कोणाची मेहेरबानी नव्हे.

येथे आपल्या धर्मांतराचा प्रश्न येतो, आणि नवदीक्षित कुटुंबांच्या मनात त्याविषयी अजूनही धास्ती असते असा माझा अनुभव आहे. "शाळेत बौद्ध लिहिले तर सवलत जाईल काय?" असे एका बापाने मला गेल्याच वर्षी विचारले. त्याची धास्ती निराधार होती, पण तिला इतिहास आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती म्हणजे हिंदू धर्मातील जाती असे ठरले. १९५६ साली शीख धर्मीयांचा समावेश झाला; त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरास आणि १६ ऑक्टोबरला आपल्या चांद्यास बाबासाहेबांच्या उपस्थितीत लक्षावधी लोकांनी धम्म स्वीकारला, आणि केंद्राच्या कायद्याच्या दृष्टीने ते अनुसूचित जातींतून बाहेर पडले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्य सरकारने आपल्या अधिकारातील सवलती बौद्धांना दिल्या. केंद्राचा कायदा बदलावयास मात्र १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! त्या काळात ज्यांनी बौद्ध म्हणून नाव लावले त्यांनी त्याची किंमत मोजली आहे. आज ती किंमत मोजावी लागत नाही. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहावे, आणि जातीचा दाखला धर्मांतरित बौद्धांसाठी ठरलेल्या नमुन्यात उपविभागीय अधिकाऱ्यांकडून घ्यावा. सरकारी कागदावर 'नवबौद्ध' असा शब्द आढळेल. तो कागदापुरता राहू द्यावा. सत्तर वर्षांनंतर नवे काय राहिले?

आता दाखल्याविषयी राजुऱ्याची एक खास अडचण सांगतो, कारण नागपूरच्या किंवा मुंबईच्या कार्यकर्त्यांना ती चटकन उमगत नाही. जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे वैधता प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा मागतात. १९५० साली राजुरा कोठे होता? हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ साली तो नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. निजामी राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे कित्येकांच्या आज्या-पणज्याचा कागद असलाच तर तो उर्दूत असतो, आणि घरात कोणाला वाचता येत नाही म्हणून तो निरुपयोगी समजून उतरंडीखाली पडलेला असतो. असा कागद फेकू नका. त्याचे भाषांतर करवून घेता येते. ज्या घरी तो आहे त्या घराची अर्धी लढाई जिंकलेली आहे. आणि जो वाहून गेला त्याची प्रत जुन्या दप्तरातून काढण्यास किती खेटे घालावे लागतात, हे ज्यांनी घातले त्यांना विचारा.

राजुरा जुन्या हैदराबाद राज्यातला, म्हणून औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाशी आपले एक जुने नाते आहे असे मी मानतो. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली त्याच हैदराबाद राज्यात, औरंगाबादेस, हे महाविद्यालय सुरू केले. मराठवाड्यात त्या वेळी विद्यापीठ नव्हते. ते १९५८ साली आले. खेड्यातून आलेल्या मुलाला नुसता वर्ग देऊन भागत नाही, राहण्याजेवण्याचीही सोय लागते, हे ओळखून महाविद्यालयाबरोबर वसतिगृहे उभी राहिली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखा माणूस तेथे लाभला. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १९६४ साली महाविद्यालय उभे राहिले, आणि आपल्या चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरही बाबासाहेबांच्या नावाचे महाविद्यालय आहे. दीक्षेच्या जागेवर आपल्या आधीच्या पिढीने वर्गखोल्या बांधल्या. याहून चांगले स्मारक मला ठाऊक नाही.

आता दिवसांचा हिशेब पाहू. आपल्या भागात मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचतात आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडतात. त्या मजुरीचा पैसा हातात येतो तो बहुतेक बियाण्यात आणि खतात जातो. जून-जुलैत पेरणी, घरात रोख रक्कम सर्वांत कमी असण्याचा हा काळ. नेमका याच वेळी प्रवेश असतो, खोली शोधावयाची असते, पुस्तके घ्यावयाची असतात. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज त्यानंतर भरावयाचा, त्याची महाविद्यालयात आणि समाजकल्याण खात्यात तपासणी व्हावयाची, आणि मग रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जमा व्हावयाची. यास महिनेच्या महिने जातात. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ साली राज्य सरकारने डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. तिच्यात मुंबई-पुणे-नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत वर्षास ६०,००० रुपये, इतर महानगरपालिकांच्या हद्दीत ५१,००० आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,००० रुपये असे दर ठरले. ही मोठी मदत आहे. प्रत्येक पात्र मुलाने तिचा अर्ज केलाच पाहिजे. परंतु तीही घरमालकाच्या पहिल्या महिन्याच्या भाड्यास उपयोगी पडत नाही. आणि आमची नदी फुगते ती याच जुलै-ऑगस्टमध्ये. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्दचे पाणी सुटले आणि वैनगंगेने ब्रह्मपुरी व गडचिरोलीकडील गावे बुडविली. २०२२ च्या जुलैत वर्धेने आपल्याकडे तेच केले. वर्षातील सर्वांत दुबळ्या दिवशी सर्वांत मोठा घाव बसतो.

पुरानंतर सरकार मदत देत नाही असे नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी जे निकष ठरले, त्यांत घर बुडालेल्या कुटुंबास कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्याकुंड्यांसाठी २,५०० रुपये धरलेले होते. पिकासाठी, जनावरांसाठी, पडलेल्या घरासाठी वेगवेगळे दर होते. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीच्या भिजलेल्या पुस्तकांसाठी रकाना नव्हता. तलाठ्याच्या पंचनाम्यात भांडी मोजली जातात, वह्या मोजीत नाहीत. मी तलाठ्यास दोष देत नाही. त्याच्या हातातील छापील नमुन्यातच तो प्रश्न नसतो. या रिकाम्या रकान्यात जो पैसा घालावयाचा, तो महाविद्यालयाच्या आणि समाजाच्या निधीनेच घालावा लागेल.

तो निधी कसा असावा? आमच्या समितीने चुकीतून जे शिकले ते सांगतो. निधीचे दोन हिस्से करावेत. पहिला कायम ठेवीचा. त्याला हात लावू नये; त्याच्या व्याजातून गुणवत्ता आणि गरज पाहून वर्षाच्या शिष्यवृत्त्या द्याव्यात, आणि त्या प्रवेशाच्या आठवड्यात द्याव्यात, गॅदरिंगच्या व्यासपीठावर हार घालून नव्हेत. (हार घालण्याची आपल्याला फार हौस आहे. मदत घेणाऱ्या मुलाचे छायाचित्र काढून ते फिरविणे हा तर मला त्याच्या मानाचा अपमान वाटतो.) दुसरा हिस्सा संकटाचा. तो चालू खात्यात रोख राहावा. त्यातून पाच हजारांपर्यंतची रक्कम कोणतीही सभा न बोलाविता, तिघांपैकी दोघांच्या सहीने, अर्ज आल्यापासून दोन दिवसांत द्यावी. दाखला नसेल तर प्राध्यापकाने किंवा गावातील दोन जाणत्या माणसांनी लिहून दिलेले पुरेसे मानावे. हिशेब मागाहून सभेपुढे यावा आणि तो पै न पै वाचून दाखवावा. संस्थेची नोंदणी सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली असावी आणि दर वर्षी लेखापरीक्षण व्हावे. ज्या निधीचा हिशेब उघडा नाही, त्याला कोणी दुसऱ्यांदा देत नाही, आणि देऊही नये.

एक शंका नेहमी येते: इतक्या सहज पैसे दिले तर कोणी फसवील. फसवील, दहांत एखादा फसवील. आम्ही त्या एकाला अडविण्यासाठी नियम केले आणि त्या नियमांनी त्या मुलीला अडविले. तीन हजार रुपये फुकट गेले तर ते पुन्हा गोळा करता येतात.

दुसरी शंका अधिक नाजूक आहे. आपल्या निधीतून आपल्याच मुलांना द्यावे, की शेजारच्या गोंड, कोलाम किंवा कुणब्याच्या मुलालाही? शिष्यवृत्तीपुरते मतभेद असू शकतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी सरकारच्या वेगळ्या योजना आहेत, त्या त्यांना मिळवून देण्यास आपण साहाय्य करावे. पण पुराच्या हिश्शातून देताना जात विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या समाजाला पाणवठ्यावर जात विचारली गेली, त्याने पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्याला जात विचारावी काय? आमच्या समितीत यावर वाद झाला, कडाक्याचा झाला, आणि शेवटी एका मताने हा ठराव संमत झाला. विरोधात मत देणाऱ्यांपैकी एकानेच पहिली पावती फाडली, हेही सांगितले पाहिजे.

पैसा कोठून आणावयाचा? १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा असे सांगितले. विहारे बांधताना आपण त्याचे स्मरण करतो. दहा हजार रुपये मिळविणाऱ्या घराचा विसावा हिस्सा ५०० रुपये होतो. मी तेवढा आज मागत नाही. राजुरा आणि आसपासच्या गावांतील २०० कुटुंबांनी महिना ५० रुपये दिले तर वर्षाचे १,२०,००० रुपये होतात. पाच हजारांप्रमाणे चोवीस मुलांचा पुराचा महिना त्यातून निभावतो. कोळशाच्या खाणींत आणि सिमेंटच्या कारखान्यांत पगारदार झालेले आपले बांधव आहेत, शिक्षक आहेत, बँकेतले आहेत. १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्यास बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी व्यथा बोलून दाखविली, ती त्यांनी स्वतःच आठवावी. मी आठवण करून देण्याइतका निर्दोष नाही, हे मघाशी सांगून झालेच आहे. मजुरी करणाऱ्या मायबहिणींनी मूठभर धान्य दिले तरी आमच्या वहीत त्याची नोंद होईल.

त्या मुलीकडे मी पुढच्या उन्हाळ्यात गेलो होतो. समितीच्या वतीने क्षमा मागितली. ती म्हणाली, "गुरुजी, पैशाचं नाही काही. पण तुम्ही कागद मागितला, तेव्हा मला वाटलं, आपण खोटं बोलतो असं यांना वाटते." यावर मला उत्तर सुचले नाही. मुक्त विद्यापीठातून शिक्षण पुढे चालू करण्याविषयी मी बोललो. तिने पाहू म्हटले. तिचा धाकटा भाऊ सध्या अकरावीत आहे.

आता आजच्या कामाचे. विहाराच्या ओट्यावर आपल्या महाविद्यालयाचे दोन विद्यार्थी मेज मांडून बसले आहेत. ज्यांची मुले दहावीच्या पुढे आहेत, त्यांनी जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि बँकेचे पासबुक यांच्या छायाप्रती त्यांच्याकडे द्याव्यात. एक प्रत येथे, उंचावरच्या कपाटात राहील. एक डिजीलॉकरमध्ये चढविण्यास ते साहाय्य करतील. उर्दू कागद असतील तर तेही आणावेत. ते वाचणारे एक वृद्ध शिक्षक पुढच्या रविवारी येणार आहेत. छायाप्रतीचे पैसे निधीतून दिले जातील. आज गर्दी आहे, म्हणून नदीकाठच्या गावांतील मंडळींना आधी जाऊ द्यावे. त्यांना अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचावयाचे आहे.

जयभीम.